पूर्वेकडे तोंड केलेली केबिन

"ही एंट्रीला बसली की सगळ्यांचे स्क्रीन अडकतात. हिला काही येत नाही," मॅनेजर मला सांगत होते. ती मुलगी, सुलभा, शेजारीच उभी होती. तिचं प्रोबेशन सोमवारी संपत होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या नेटवर्कचं मेंटेनन्स माझ्याकडे होतं. तेव्हा सगळे कॉम्प्युटर एकाच काळ्या केबलवर ओवलेले असायचे. दोघांनी एकदम डेटा पाठवला की तो एकमेकांवर आदळायचा. याला कोलिजन म्हणतात. मग दोघांनी थांबून पुन्हा पाठवायचं. थोडी कोलिजन चालतात. इथे सुमार नव्हता.

सुलभाला बाजूला करून मी स्वतः एंट्री केली. तरी सगळे अडकले.

"साहेब, तिचा दोष नाही."

"मग तिनेच काहीतरी बिघडवून ठेवलेलं असणार."

मी केबल मध्येच सोडवली आणि टोकाला टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल जिरवणारं छोटं टोपण, लावलं. सुलभाकडचा भाग सर्व्हरसकट सुरळीत चालू झाला. म्हणजे खोट साहेबांच्या केबिनच्या बाजूला.

साहेबांच्या टेबलाखालचं कार्पेट उचललं. महिन्यापूर्वी वास्तुवाल्याने त्यांचं टेबल पूर्वेला फिरवलेलं. केबल कमी पडली, तेव्हा साहेबांनी त्यांच्या सोसायटीतल्या केबल टीव्हीवाल्याकडून तुकडा जोडून घेतला. तीही केबल काळीच, पण जात वेगळी. अशा जोडावर सिग्नल आपटून मागे फिरतो आणि मशीनला वाटतं, दुसरं कोणी बोलतंय. सुलभाचं काम सर्वांत जड, त्यामुळे अडायचं तिच्याच वेळी.

तुकडा बदलला. नेटवर्क पळायला लागलं. साहेबांनी केबिनमध्ये चहा मागवला.

"रिपोर्टमध्ये कारण लिहू नका. मोठे साहेब माझी टर उडवतील."

"आणि सुलभा?"

"तिचं मी बघतो. तुमचं कॉन्ट्रॅक्टही रिन्यूला आलंय ना?"

मी 'केबल दुरुस्त केली' एवढंच लिहिलं आणि सही केली. मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली.

पुढच्या व्हिजिटला सुलभाच्या खुर्चीत दुसरी मुलगी होती. सुलभाला एंट्री जमत नव्हती म्हणून कन्फर्म केलं नाही, असं त्या नव्या मुलीनेच मला सांगितलं. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र रिन्यू झालं.

तेव्हापासून मी रिपोर्टमध्ये आधी कारण लिहितो, मग साहेबांकडे चहाला जातो. सुलभाला त्याचा काही उपयोग नाही.