दोन कट्ट्यांची खबर

शेटे बाईंचे नाव आधी घेतो. करमाळ्याच्या शाळेत त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. मला कॉलेजपर्यंत पोचवले ते बाईंनी, आणि फौजदारकीच्या परीक्षेला बसवले तेही त्यांनीच. या आठवणीत नाव येईल ते फक्त त्यांचे. बाकीची माणसे आपापल्या गावात नीट नांदत आहेत. त्यांना तसेच राहू द्यावे.

सेवेत असताना खुनाचे, दरोड्याचे तपास केले. त्यांतले बरेचसे आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. ज्या प्रकरणात गुन्हाच दाखल झाला नाही, ते मात्र मला तारखेसह पाठ आहे.

मी तेव्हा उजनीच्या काठच्या एका ठाण्यात प्रभारी अधिकारी होतो. ग्रामपंचायतींच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. अशा वेळी अवैध शस्त्रे शोधण्याची मोहीम निघते, आणि किती कारवाया झाल्या याची विचारणा वरून रोज होते. एका सकाळी हजेरी संपवून मी स्टेशन डायरी पाहत होतो. त्यात ठाणे अंमलदाराने नोंद घेतली होती: अमुक गावातील इसमाच्या गोठ्यात कडब्याखाली दोन गावठी कट्टे लपवून ठेवले असल्याबाबत फोनवरून खबर, खबर देणाऱ्याने नाव सांगितले नाही.

ते गाव आणि तो इसम, दोन्ही मला माहीत होते. धरण भरले की पाणी मागे चढत येते आणि गावाच्या ओढ्यात फुगवटा येतो. मग ओढ्यापलीकडची वस्ती तुटते. तिथे वीस-बावीस घरे, काही उसाची, काही मासेमारी करणारी. आजारी माणूस, बाळंतीण, शाळेची पोरे, सगळ्यांना लांबचा वळसा पडे. त्या वर्षी गावाने ठरवले की फुगवट्याच्या आधी ओढ्यावर फरशी पूल स्वतःच बांधायचा. प्रत्येक घराने सिमेंटचा एक एक कट्टा द्यायचा आणि सकाळी सात ते नऊ श्रमदान करायचे. हे काम उभे केले होते एका निवृत्त लाइनमनने. सगळे गाव त्यांना मामा म्हणे. खबर त्यांच्याच गोठ्याची होती.

सज्जन माणसाच्या घरी शस्त्र सापडल्याची उदाहरणे मी पाहिली होती. त्यामुळे ओळख बाजूला ठेवली. साडेआठ वाजता ओढ्यावर पोचलो तेव्हा चाळीसेक माणसे पाट्या टाकत होती. मी मामांना गाडीत बसायला सांगितले. त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि गाडीत बसले. ते चाळीस लोक हातातले काम सोडून पाहत राहिले.

ठाण्यात मी त्यांना समोर बसवले. बीट हवालदार बाजूला उभा होता.

"मामा, सरळ विचारतो. कट्टे आहेत का तुमच्याकडे?"

त्यांचा चेहरा उतरला. "हायत, सायेब."

"किती?"

"दोन."

"कधीपासून?"

"पंधरा-वीस दिस झालं."

"आणले कुणाकडून?"

"आणलं न्हाईत. गावातलंच हायत."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. गावातच कुणी बनवत असेल तर प्रकरण मोठे होते.

"वापरले का?"

"त्ये आता कशाच्या उपेगाचं न्हाईत, सायेब. गच्च बसलेत."

"मग फेकून का दिले नाहीत?"

"नावं हायत की त्येंच्यावर."

"कुणाची नावे?"

"ती मी न्हाय सांगायचा. त्येंचा काय दोष? चूक माझी हाय."

माझा अनुभव असा की सराईत माणूस पहिल्या प्रश्नाला कबूल होत नाही. पहिल्या प्रश्नाला कबूल होतो तो साधा माणूस. हे मला त्या दिवशीही माहीत होते. पण कबुली मिळाली की अधिकारी विचार करायचा थांबतो, तसा मी थांबलो. दोन पंच बोलावले, मामांचे निवेदन लिहून घेतले आणि त्यांना घेऊन जप्तीसाठी पुन्हा गावात गेलो.

आमच्या गाडीमागे सगळा गाव गोठ्यापर्यंत आला. कडबा बाजूला केला. खाली सिमेंटचे दोन कट्टे होते. हवालदाराने ते सरकवले, खालची माती उकरली, गव्हाण पाहिली, आढे पाहिले. काही नव्हते.

"काय हुडकताय वो सायेब?" गर्दीतून कुणी विचारले.

हवालदार घामाघूम झाला होता. "पिस्तूल," तो चिडून म्हणाला.

क्षणभर कुणाला कळले नाही. मग जो हशा पिकला तो विसरणार नाही. वस्तीवरची एक मासे विकणारी बाई पुढे उभी होती. ती म्हणाली, "मामाकडं पिस्तूल? आवो, कोंबडं कापताना त्यो तोंड फिरवून हुबा ऱ्हातोय!"

कट्टा म्हणजे पन्नास किलोची गोणी. पूर्ण पोते शंभराचे, कट्टा पन्नासाचा. आमच्या भागात शेंबडे पोरही हे जाणते. मी तिथे उभा राहून ते नव्याने शिकलो.

हसता हसता त्या बाईचे लक्ष वरच्या कट्ट्याकडे गेले. प्रत्येक घराने दिलेल्या कट्ट्यावर कोळशाने घरधन्याचे नाव लिहायची त्या गावची पद्धत होती. ती वाकली.

"ह्यो तर माझा कट्टा हाय."

हशा थांबला. दुसऱ्या कट्ट्यावरचे नाव कुणीतरी मोठ्याने वाचले.

"मामा, हितं कसं आलं हे?"

मामा मागे फिरले. ते घरात गेले आणि दार लोटून घेतले. मी 'हत्यार मिळून आले नाही' असा पंचनामा पुरा केला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि निघालो. आमचे काम झाले होते.

ठाण्यात येऊन अंमलदाराला विचारले, "फोनवर तो माणूस काय म्हणाला? त्याचे शब्द सांग."

"दोन कट्टे हायत म्हणाला, साहेब."

"मग 'गावठी' कुठून आले?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले. "साहेब, कट्टा गावठीच असतो की."

त्याला मी काय बोलणार? त्याने एक शब्द जास्त लिहिला, आणि मी तो न विचारता वाचला.

फोन आला त्या नंबरवरून दुपारी माणूस सापडला. तो मामांचा उजवा हात. पुलाच्या कामाला स्वतःचा ट्रॅक्टर देणारा, रोज पहिला येणारा. माझ्यासमोर तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"मोटरसायकलवर कट्टं नेताना, गोठ्यात कडब्याखाली सारताना मी बघितलं, सायेब. घरामागं संडास बांधायचं चाललंय त्येंचं. मनात पाल चुकचुकली."

"मग मामांनाच विचारायचे."

"मामाला? मामाला कोन इचारणार? आन् त्यात काय नसतं निघालं तर मी तोंड कुटं दाखवू? तुमी इचारलं तर काय न्हाय, तुमचं कामच हाय त्ये. मला वाटलं गुपचूप बघून जाल."

"मी पिस्तूल ऐकले."

"पिस्तूल कुटं म्हणलो मी?" तो जवळजवळ रडकुंडीला आला. "माझं नाव सांगू नका, सायेब."

खबऱ्याचे नाव सांगायचे नसते. ते मी आजही सांगत नाही.

प्रकरण कागदावर तिथेच मिटले. पण आठवड्याने बीट हवालदार साप्ताहिक माहिती देताना म्हणाला, "फरशीचं काम बंद पडलंय साहेब. चाळीस माणसं यायची, आता चार येतात. मामा घराबाहेर पडत नाहीत. वरच्या धरणांतून पाणी सोडायला लागलेत. पंधरा दिवसांत फुगवटा येईल."

मी दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मामांकडे गेलो. त्यांनी चहा केला. चहा घेता घेता सांगितले.

फरशीवर पाणी मारण्यासाठी मोटरचा पाइप होता. एका संध्याकाळी तो बंद करायला विसरून मामा घरी गेले. पाणी सिमेंटच्या थप्पीखाली शिरले आणि खालचे दोन कट्टे दगड झाले. पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन त्यांनी ते पाहिले, मोटरसायकलवर घालून घरी नेले, आणि दुपारपर्यंत तालुक्याहून दोन नवे आणून त्यांवर तीच नावे लिहिली. गावाचे नुकसान काहीच नव्हते.

"मग सांगून टाकायचे होते, मामा."

"कसं सांगू? त्याच्या आदल्या दिशी एकानं पाइप असाच चालू ठिवला हुता. चार माणसांत लई बोललो मी त्येला. म्हणलं, ध्यान कुटं असतं तुजं, बायकूच्या माहेरी? समदी हसली. आन् दुसऱ्या दिशी मीच."

"आणि ते दगड झालेले कट्टे ठेवून कशाला दिलेत?"

"लोकांनी आपल्या घराचं नाव लिवून दिलेलं, सायेब. वड्यात कसं टाकू?"

मी म्हणालो, गावाला मी सांगतो. त्यांनी मान हलवली. "तुमी सांगितलं तर लोक म्हणतील, मामानं सायबाला हाताशी धरलं."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मला सांगता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझी चूक. वर्दीतल्या माणसाने लोकांसमोर चूक कबूल करावी हे वरिष्ठांना रुचत नाही. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही. त्या गुरुवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा होती. सरपंचांना सांगून मी दोन मिनिटे घेतली. मामांनाही निरोप धाडला होता. ते आले आणि मागे खांबाला टेकून बसले.

मी सांगितले की खबर कट्ट्यांची होती, मी शस्त्र समजलो, शहानिशा न करता तुमच्या माणसाला कामावरून उठवून नेले. ही चूक पोलिसांची, म्हणजे माझी.

ती मासेवाली बाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "सायेब, तुमी कुटलं वो? मुंबईचं काय?"

"करमाळ्याचा."

"मग तितं काय कट्टं नसत्यात व्हय?"

पुन्हा हशा. तिथे हसून खाली बसलो असतो तरी चालले असते. का कोण जाणे, मी बसलो नाही.

"असतात. माझे वडील तिथल्या बाजार समितीत हमाल होते. जन्मभर त्यांनी कट्टेच उचलले. हा शब्द मला कळायला हवा होता."

माझा हवालदार मंडपाच्या पायरीवर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली. मंडपात कुणी हसले नाही.

मागे मामा उठले. "पाइप मीच चालू ठिवला हुता," ते म्हणाले. मग सगळे सांगितले. ज्याला बोलले होते त्याच्याकडे पाहून सांगितले. आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येकाला ऐकू गेला.

बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "येवढंच? आन् येवढ्यासाठनं आठ दिस बाळंतिणीवानी घरात बसलास? नवीन कट्टा दिलास न्हवं? माजं नाव नीट लिवलंस का त्येच्यावर?"

"लिवलंय की."

"मग उद्या ये कामाला. आन् ए, तू," ती पाइपवरून बोलणी खाल्लेल्या माणसाला म्हणाली, "आता तू इचार मामाला, ध्यान कुटं हुतं म्हणून."

ट्रॅक्टरवाला माझ्या डावीकडे बसला होता. तो जमिनीकडे पाहत राहिला. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किती माणसे आली हे मी मोजले नाही, हवालदारानेही सांगितले नाही. फुगवटा आला तेव्हा फरशी पुरी होती एवढे खरे. कठड्याचे काम राहिले, ते पुढल्या वर्षी झाले.

या प्रकरणाने मला तपासाची एक सवय लावली. खबर आली की मी सारांश वाचायचे सोडले. सांगणाऱ्याचे मूळ शब्द विचारू लागलो. दुसरी गोष्ट पोलिसांपेक्षा गावासाठी कामाची आहे. स्वतःहून पुढे होणाऱ्या माणसाला आपण इतका मान देतो की त्याला साधा प्रश्न विचारायची सोय राहत नाही, आणि त्यालाही 'विसरलो' म्हणायची सोय राहत नाही. मग उजव्या हातालाही पोलिसांना फोन करणे सोपे वाटते.

त्या रविवारी मी शेटे बाईंना पत्र लिहिले. घडलेली हकीकत वर आहे तशीच कळवली होती. शेवटचा मजकूर असा होता:

"...बाई, कॉलेजच्या प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'व्यापार' असे लिहिले होते. तुम्ही अर्ज वाचलात, एकदा माझ्याकडे पाहिलेत आणि खाली शिफारशीची सही केलीत. वडील त्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर उभे होते. त्यांना मी आत बोलावले नाही, हेही तुम्ही पाहिले होते. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत आणि नंतरही कधी विषय काढला नाहीत. पुढे जिथे जिथे विचारले गेले तिथे मी तेच सांगत आलो. खात्यात आजपर्यंत कुणाला खरे माहीत नव्हते.

गुरुवारी पन्नास-साठ माणसांसमोर खरे सांगितले. वडील आता नाहीत, त्यामुळे त्यांना कळवता येत नाही. त्या अर्जावर सही तुमची आहे, म्हणून तुम्हाला कळवतो. तो रकाना कृपया दुरुस्त समजावा.

वडिलांचा व्यवसाय: हमाली.

आपला विद्यार्थी."