मोकळा सोडलेला आवाज

शांतम्मा नवी पेठेत एका साडीच्या दुकानासमोर एकदम थांबल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला. दुकानाच्या कर्ण्यातून त्यांचा नवरा सांगत होता, "दोन साड्यांवर एक साडी मोफत!" नवऱ्याला जाऊन वर्ष उलटलं होतं. मी शेजारी पिशवी धरून उभा होतो. तो कर्णा उपटून नाल्यात फेकावा असं मला वाटलं.

नवरा म्हणजे सोमशेखर, माझा शेजारी. किराणा दुकान चालवायचा, पण लोक त्याला ओळखायचे ते गड्ड्याच्या जत्रेतल्या माइकमुळे. चुकलेल्या पोरांची नावं तो इतक्या मायेने पुकारायचा, की मंडपात रडत बसलेलं पोरही ऐकत राहायचं.

आमच्या गल्लीतली अक्षता जन्मापासून अंध, अंधशाळेत शिकवते. फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारं मराठी सॉफ्टवेअर ती आणि तिचे मित्र तयार करत होते. त्याला आवाज हवा होता. त्याच सुमारास एका कंपनीचा माणूसही सोमशेखरकडे आला. म्हणाला, आवाज आम्हालाच विका. दुसरं कोणी वापरणार नाही, आणि घरच्यांनी सांगितलं तर बंद करू.

"पण ते अंध मुलांना दरवर्षी पैसे भरायला लावतील, काका," अक्षता म्हणाली. "आमचा परवाना मोकळा आहे. कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं, विकावंसुद्धा. फक्त एकदा दिलं की परत मागता येत नाही."

मी कंपनीच्या बाजूने तावातावाने भांडलो. आपल्या वस्तूला आपलं कुलूप नको? सोमशेखर हसला. "पोर सापडल्यावर मी कुणाच्या आईबापाला बिल दिलंय का?" असं म्हणून त्याने अक्षताच्या कागदावर सही केली. मग कितीतरी दुपारी तो दुकानामागच्या खोलीत वाक्यं वाचून रेकॉर्ड करत बसायचा, आणि त्यावरून ते सॉफ्टवेअर त्याच्या आवाजात काहीही वाचायला शिकलं.

पुढे तो गेला, लिंगैक्य झाला. आवाज मात्र गावभर सुटला. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये तो दार सांभाळायला सांगायचा. जाहिरातीच्या रिक्षातून पाण्याच्या मोटारी विकायचा. एकदा शांतम्मांचाच फोन वाजला. "सोमशेखर यांच्याशी बोलायचे आहे," सोमशेखरच म्हणाला, "ते घरी असल्यास एक दाबा." कुठल्याशा विम्याचा फोन होता. शांतम्मा "न्हाईत वो घरात" म्हणाल्या आणि फोन कानाला लावून तशाच बसल्या. मी तो हळूच काढून घेतला.

त्या दिवसापासून बाईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बाजारात जायला भ्यायच्या, आणि घरी बसलं की कान रस्त्याकडे. अन्न जाईना. शेवटी मीच त्यांना अंधशाळेत घेऊन गेलो.

"पोरी, ह्यांचा आवाज बंद कर," त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसाला किती राबवायचं?"

अक्षताने हातातला फोन खाली ठेवला. "नाही करता येत, अक्का. माझ्याकडचा पुसला तरी बाकी सगळीकडे राहीलच. आणि खरं सांगू? माझ्याकडचा माझ्याच्याने पुसवणार नाही. सांगोल्याचा एक मुलगा याच आवाजावर बारावीचा अभ्यास करतोय."

"हेच सांगत होतो मी तेव्हा!" मी ओरडलो. शांतम्मांनी हातानेच मला गप्प केलं.

"बरं. मग ह्यांना एकदा माझ्याशी बोलायला लाव. 'ऊटा आतेन' म्हणायला सांग."

म्हणजे, जेवण झालं का. घरात त्या दोघांचं कन्नडच चालायचं, आणि दुकान बंद करून आला की सोमशेखर चपला काढता काढता हेच विचारायचा. अक्षताने ते शब्द फोनवर टाइप केले आणि फोन पुढे धरला.

आवाज बोलला. गळा त्याचाच, खरखरही तीच. पण शब्द असे आले, जणू कचेरीतला कोणी नवा कारकून अनोळखी नाव वाचतोय. शांतम्मांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"हे ते न्हवंत," त्या म्हणाल्या.

मला हायसं वाटलं. "चला, सुटलात एकदाच्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजपातूर गावात कुटंतरी होते की वो," त्या म्हणाल्या. "आता न्हाईत." आणि माती देतानाही डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या बाईंनी तिथेच, शाळेच्या बाकावर, हंबरडा फोडला.