मठातली हुग्गी

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. सांगताना आत काही हलतही नाही आता.

बसू माझा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले — स्किझोफ्रेनिया. आई गेल्यावर तो माझ्याकडे आला. गोळ्यांनी आवाज थांबले, पण अंग सुटलं, साखर वाढली, दिवसभर मागच्या खोलीत झोपून असायचा. आणि खरं सांगू? तसा तो मला सोयीचा होता.

मग सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला आहार बदलून दिला. भाकरी, भात, गोड, सगळं बंद. तूप, पनीर, पालेभाज्या. आम्ही लिंगायत, घरात अंडंही येत नाही — तरी कडक भाकरीवर वाढलेल्या बसूनं नेटानं पाळलं. साखर उतरली, अंग हलकं झालं, पेपर वाचायला लागला. मला आनंद झाला. झालाच होता की.

श्रावणात नातेपुत्याचे पाहुणे लेकीला बघायला येणार ठरलं, आणि बसू म्हणाला, "अक्का, मी मामा हाय. मी पुढं बसणार."

मामाला पुढं बसू नको, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? पण पाहुण्यांनी विचारलं, मामा काय करतात — मग? स्थळ हातचं गेलं असतं.

गोड खाल्लं की त्याला गुंगी यायची, हे मला ठाऊक होतं. मी घरीच हुग्गी शिजवली — गव्हाची खीर, गूळ घालून, घट्ट — आणि मठातला प्रसाद म्हणून त्याच्यापुढं वाटी धरली. तो घुटमळला. पण प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे आम्हा दोघांना एकाच आईनं शिकवलेलं. मठात मी रोज जायचेच. पाहुणे येईपर्यंत रोज वाटी दिली.

ते आले तेव्हा तो मागं झोपला होता. स्थळ जमलं.

पुढं त्याचा पथ्याचा नेम परत बसलाच नाही. साखर चढली. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, "माझाच तोंडावर ताबा न्हाय, साहेब." प्रसादाचं नावसुद्धा काढलं नाही. मी शेजारच्या खुर्चीत होते — पर्स मांडीवर घेऊन.

लेक सुखात आहे. बसू मागच्या खोलीत. अजूनही मी त्याच्या हातावर काही ठेवलं की तो आधी कपाळाला लावतो, मग खातो.