स्कूटर हलावी, सामान नाही

माझ्या साडूंच्या मते स्कूटरवरून नेता येणार नाही अशी वस्तू देवाने निर्माणच केलेली नाही. माणसांनी काही केल्या असतील, तर ती माणसांची चूक. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाओजी म्हणते, म्हणून मीही भाओजीच म्हणतो. मूळचे मालवणकडचे, राहायला नाहूरला, आणि सगळी नोकरी विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये झालेली. फ्रिज मात्र ते नेत नाहीत. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं होतं, की चला, या माणसाला कुठेतरी मर्यादा आहे. तर म्हणाले, "नेता येतो रे. पण फ्रिज आडवा न्यायचा नसतो, त्याचं तेल वर चढतं." म्हणजे अडचण स्कूटरची नव्हती, फ्रिजच्या तब्येतीची होती.

भाओजी बसत नाहीत. लग्नात गेले तर पंगतीला बसायचं सोडून वाढायला उभे राहतात, आणि वाढप्यांनी हाकललं तर हॉलबाहेर जाऊन लोकांच्या गाड्या नीट लावून घेतात. आमच्याकडे आले की सोफ्याच्या कडेला नुसते टेकतात, एक पाय जमिनीवर ठेका धरतो, उजव्या तर्जनीभोवती स्कूटरची किल्ली गरगर फिरत राहते, आणि चहा येईपर्यंत आमच्या घरातलं कुठलं सामान चुकीच्या जागी आहे याची यादी होते. रिटायर झाल्यावर तर हे फारच वाढलं. रविवारी सकाळी सातला फोन वाजला की बायको न बघताच सांगते, भाओजी. "काय आणायचं-न्यायचं आहे?" एवढाच प्रश्न. काही नाही म्हटलं की पलीकडून असा सुस्कारा येतो की आपणच त्यांच्या पोटावर पाय दिला असं वाटावं. एकदा मी दया येऊन सांगितलं की पडद्याची दांडी हवीय. दुपारी ते नऊ फुटांची दांडी घेऊन हजर. आमची खिडकी पाच फुटांची. "कापता येते," ते म्हणाले, "वाढवता येत नाही."

पण ते वेडेवाकडे नेतात असं कुणी समजू नये. सामान बांधण्याचं त्यांचं शास्त्र आहे. स्कूटरच्या डिकीत सुतळीचा गुंडा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, एक चादर आणि लाल कापडाचे तुकडे कायम असतात. जे काही बाहेर डोकावेल त्याला लाल फडकं लागतं; एकदा मी गुडघा जास्त बाहेर काढून बसलो तर त्यालाही बांधलं होतं. वजन मधोमध, गाठ दुहेरी, वेग वीसच्या वर नाही, हायवेचं नाव नाही, आणि मागे बसणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. निघण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघतात. मग शेवटची परीक्षा. सामानाला धरून गदागदा हलवतात. "स्कूटर हलली पाहिजे, सामान नाही. सामान हललं तर पुन्हा बांध." त्यांच्या आयुष्यात एक वस्तू पडलेली नाही, हे ते स्वतः सांगत नाहीत. ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगायला लावतात.

मागे बसणारा बहुतेक वेळा मी. आमच्या सत्यनारायणाचे केळीचे चार खांब आणले तेव्हा मीच मागे होतो. भांडुपला सिग्नलला थांबलो, तर देवळाबाहेर बांधलेली एक गाय शांतपणे मान लांब करून त्यातला एक खांब खाऊ लागली. मी ओरडायला तोंड उघडलं, तर भाओजी पुढून म्हणाले, "मागच्याने बोलायचं नाही." पूजा साडेतीन खांबांवर झाली. नंतर आमच्या बाथरूमचं काम निघालं आणि कमोड आणायला गेलो. तो मधे बांधता येईना, म्हणून माझ्या मांडीवर दिला. पांढराशुभ्र कमोड दोन्ही हातांनी कवटाळून मी मुलुंडच्या भर बाजारातून चाललोय, आणि शेजारच्या रिक्षातून आमच्या ऑफिसचे मोठे साहेब माझ्याकडे बघतायत. मी नमस्कार करणार कसा? हात रिकामे नव्हते. साहेबांनीच सौजन्याने मान वळवली. पुढे मला बढती मिळाली, पण त्या दिवसानंतर साहेबांनी कधी माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

टेम्पो हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही. आम्ही भांडुपहून मुलुंडला घर बदललं तेव्हा मी घाबरत घाबरत टेम्पो ठरवला. त्यांना कळलं तेव्हा सामान चढत होतं. ते गेटपाशी आले, टेम्पोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक तुळशीची कुंडी तेवढी उचलून स्कूटरच्या पायाशी ठेवून निघून गेले. पंधरा दिवस बोलले नाहीत. तुळस मात्र आमच्या आधी पोचली होती, आणि तिला पाणीही घातलेलं होतं.

गेल्या वर्षापासून भाओजी मला फारच बोलवायला लागले होते. आधी मोठं काही असलं तरच बोलवायचे, आता कशालाही. बल्बचा एक खोका आणायला मी. कढीपत्त्याची जुडी आणायला मी. कढीपत्ता मी हातात धरून मागे बसायचो आणि ते पुढून विचारायचे, "डावीकडे काय आहे रे? रिक्षा?" मी सांगायचो. मागच्याने तोंड बंद ठेवायचा नियम कधी सुटला ते माझ्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं, माणसाला वयाबरोबर सोबत आवडायला लागते. खरं सांगायचं तर मी थोडा सुखावलोही होतो.

अशात त्यांच्या लेकीला मुलगा झाला. बारसं तिच्या घाटकोपरच्या घरी ठरलं, आणि भाओजींनी माळ्यावरचा पाळणा उतरवला. हा सागवानी पाळणा ताईंच्या माहेरचा. त्यात ताई झोपल्या, माझी बायको झोपली, ताईंच्या दोघी मुली आणि आमचा मुलगा झोपला. जिथे बाळ, तिथे पाळणा, अशी यांच्याकडे रीत आहे. जावई फोनवर म्हणाला की ऑनलाइन गाडी बोलावतो. भाओजींनी फोन ताईंकडे दिला.

बारशाच्या तीन दिवस आधी सकाळी मी नाहूरला पोचलो. पाळण्याच्या साखळ्या काढून डिकीत गेल्या होत्या. पाळणा सीटवर आडवा, भाओजींच्या पाठीला आणि माझ्या पोटाला लागून. दोन्ही टोकं दोन बाजूंना बाहेर, त्यांना लाल फडकी. हँडल फिरवून झालं, हलवून झालं. निघणार तेवढ्यात ताई धावत खाली आल्या. हातात वरवंटा.

"अहो, थांबा. रिकामा पाळणा हलवायचा नसतो. रस्ताभर हलणार तो."

बारशाला बाळाच्या आधी पाळण्याभोवती वरवंटा फिरवतात, त्याला बाळासारखा नटवतात, हे मला माहीत होतं. पण ताईंनी तो आत्ताच नटवून आणला होता. दुपट्यात गुंडाळलेला, वर कुंची. पाळण्यात ठेवल्यावर लांबून हुबेहूब बाळ दिसत होतं. भाओजींनी जरा विचार केला, वरवंटा सरकवून बरोबर मधोमध आणला आणि म्हणाले, "आता ठीक. वजन आलं."

विक्रोळीपर्यंत सगळं झकास. भाओजींच्या कारखान्याचा रस्ता. तिथला प्रत्येक खड्डा त्यांना तोंडपाठ. मी पाळण्यातला वरवंटा सांभाळत होतो, त्यामुळे डावीकडे बघायचं राहिलं. आणि भाओजींनी सरळ जाऊन रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका टेम्पोला पाळण्याचं डावं टोक लावलं. स्कूटर पडली नाही. आम्हीही पडलो नाही. पाळणा तिरपा झाला, आणि कुंची घातलेला वरवंटा त्यातून निसटून रस्त्यावर आपटला.

"अगं बाई, पोर पडलं! पोर पडलं गं!" कडेची भाजीवाली किंचाळली.

पुढच्या अर्ध्या मिनिटात काय झालं ते मला नीट आठवत नाही. वीस-पंचवीस माणसं धावली. एकाने माझी कॉलर धरली. कुणी ॲम्ब्युलन्स म्हणून ओरडत होतं, कुणी पोलीस म्हणून. टेम्पोवाला उडी मारून खाली उतरला, दुपटं उचललं, बाजूला केलं, आणि ओरडला, "अरे, ये तो पत्थर है!" मग त्याला जास्तच संशय आला. "पत्थर को टोपी कायको पहनाया?"

भाजीवालीनेच आम्हाला वाचवलं. ती छातीवरचा हात न काढता पुढे आली, पाळणा बघितला आणि गर्दीवर खेकसली, "बारशाचा पाळणा आहे तो. रिकामा नेतात होय कुठे? सोडा त्यांना." माझी कॉलर सुटली. लोक हसत पांगले. टेम्पोवाल्याने वरवंटा भाओजींच्या हातात दिला आणि जाता जाता, कसलाही टोमणा न मारता, नुसतं विचारावं तसं विचारलं, "चाचा, टेम्पो तो खडा था. इतना बडा टेम्पो नहीं दिखा?"

वरवंट्याला एका कडेला टवका उडाला होता, त्यावरून भाओजी अंगठा फिरवत राहिले. किल्ली खिशात होती, पाय ठेका धरत नव्हता. मी म्हणालो, "भाओजी, डावीकडचं दिसत नाही ना तुम्हाला?"

एरवी ते माझ्याशी मालवणी बोलत नाहीत. चिडले किंवा घाबरले तरच. "माका सगळा दिसता," ते म्हणाले. "बस मागे. धर घट्ट."

घाटकोपर येईपर्यंत त्यांनी सात वेळा विचारलं, डावीकडे काय आहे. मी सात वेळा सांगितलं. इतके महिने मी सामान धरायला मागे बसतोय असं समजत होतो, आणि प्रत्यक्षात हा माणूस मला डोळा म्हणून वापरत होता. कढीपत्त्याची जुडी माझ्या हातात देऊन! राग आला, आणि रागाच्या मागोमाग भीती. लेकीच्या इमारतीखाली गाठी सोडताना ते हळूच म्हणाले, "ताईला सांगू नको रे. बारसं होऊ दे."

ते तीन दिवस मला स्वस्थता नव्हती. सांगावं तर या माणसाची स्कूटर जाणार. आणि स्कूटर गेली की भाओजींचं उरतं काय? न सांगावं तर एक दिवस खरंच काहीतरी होणार, आणि त्या वेळी दुपट्यात दगड असेलच असं नाही. मला रात्रंदिवस घरात येरझाऱ्या घालताना पाहून बायकोने विचारलं, "तुमचा भाओजी झालाय का?" बारसं झालं की त्याच दिवशी ताईंना सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

बारसं छान झालं. बायकांनी टवका उडालेला वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरवला, बाळाच्या कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. भाओजी नेहमीप्रमाणे उभे, किल्ली फिरवत, पाळण्याच्या कड्या तपासत. लेकीने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, हा जरा उभा राहायला लागला ना, की याला स्कूटरवर पुढे उभा करून फिरवा हं. आम्हाला न्यायचात ना शाळेत, तसं. मी हॉर्न वाजवायचे, आठवतं?"

सगळे हसले. ताई म्हणाल्या, "ते काय, उद्यासुद्धा नेतील." मी भाओजींकडे बघत होतो. ते हसले नाहीत. हळूच खुर्चीवर बसले. कडेला टेकले नाहीत, पाठ टेकवून नीट बसले. बाळ छातीशी धरून तो माणूस पुरी वीस मिनिटं जागचा हलला नाही. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहत होतो. ताईंशी बोलायला मी जे तोंड उघडणार होतो ते उघडलंच नाही.

चारच्या सुमाराला आम्ही दोघे खाली उतरलो. बाकी मंडळी वर थांबणार होती. स्कूटरपाशी येऊन भाओजींनी खिशातून किल्ली काढली, बोटाभोवती एकदा फिरवली आणि माझ्यापुढे धरली.

"डॉक्टरकडे जाऊन आलोय मी, सहा महिने झाले. काचबिंदू म्हणतात. गेलंय ते परत येत नाही, उरलंय ते सांभाळायचं. ताईला आज रात्री मीच सांगतो." मग दुसरीकडेच बघत, "वरवंटा पडला तर उचलता येतो रे."

मी किल्ली घेतली. मी स्कूटर चालवतो, पण भाओजींना मागे बसवून कधीच नाही. त्यांना मागे बसलेलं कुणीच पाहिलेलं नव्हतं. पाय कुठे ठेवावा हेही त्यांना कळेना. मीच तो धरून जागेवर ठेवून दिला.

"हँडल फिरवून बघ," ते म्हणाले. मी दोन्हीकडे फिरवून बघितलं.

"वीसच्या वर जायचं नाही."

"नाही."

मग मी मागे हात नेला, त्यांच्या दंडाला धरलं आणि गदागदा हलवलं. स्कूटर हलली. भाओजी हलले नाहीत. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

"बरोबर," ते म्हणाले. "चल आता."

डावीकडे मीच बघत होतो, उजवीकडेही मीच. विक्रोळी गेली, कांजूर गेलं, भांडुपला ती गाय अजून तिथेच बांधलेली होती. मागे बसलेला माणूस एक शब्द बोलला नाही. इतकं जपून मी आयुष्यात काही नेलेलं नाही.