नापास नाण्यांची धास्ती

औरंगपुऱ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या खोलीत दर रविवारी नाणी जमवणारे आम्ही पाच-सहा जण बसतो. नाणी सावकाश जमतात, किस्से मात्र भराभर. त्यातले निम्मे ट्रायलच्या नाण्यांचे.

नवं नाणं चलनात यायच्या आधी टाकसाळीत नमुन्यादाखल थोडी नाणी पाडतात. डिझाइन नापास झालं की ती वितळवतात. एखादं कसंतरी बाहेर निसटतं. ते ज्याच्या हाती लागलं, त्याची झोप गेलीच!

*

सलीमभाई घड्याळं दुरुस्त करतात. असं एक नाणं त्यांनी वर्षानुवर्षं जपलंय. मध्यंतरी कुणीतरी म्हणालं, "सरकारी माल आहे, धाड पडेल." सलीमभाईंना जेवण जाईना. शेवटी क्रांती चौकातल्या एका वकिलाकडे गेले.

वकिलानं नाणं उलटसुलट पाहिलं. "यावर दुकानात काही मिळतं का?"

"नाय."

"मग हे नाणंच नाही. बिनघोर घरी जा."

सलीमभाई तसेच माझ्याकडे आले, चेहरा आणखी उतरलेला. "ताई, वकील बोला, हे नाणंच नाय. मग इतकी सालं मी जपलं काय?"

*

माझ्याकडच्या ट्रायल नाण्यावर जुनेपणाचा सुंदर काळसर रंग चढला होता. जाणकार आधी तोच बघतात. माझ्या वाढदिवसाला आमच्या यांनी ते चिंचेनं घासून लख्ख करून ठेवलं. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे हळूच म्हणाले, "परत मळवता येतं का गं?"

*

कांबळे सर गंगापूरचे, रिटायर्ड शिक्षक. सलीमभाईंकडे आहे तस्संच नाणं त्यांच्याकडेही निघालं. ते दाखवायला एसटीनं येताना तिकिटाच्या सुट्या पैशांबरोबर तेही कंडक्टरच्या हातावर गेलं. सरांच्या लक्षातच नाही.

कंडक्टरनं ते परत केलं. "काका, हे खोटं हाय. दुसरं द्या."

आमच्याकडे पोचेपर्यंत सरांचा घाम वाळला नव्हता. म्हणाले, "लई भला माणूस. त्यानं चालवून घेतलं असतं तर?"

*

पण तस्संच दुसरं नाणं निघाल्यापासून सलीमभाई आणि सर, दोघांच्याही मनात एकच भीती. एकाच नमुन्याची दोन कशी निसटतील? आपलंच नकली असलं तर? वीस वर्षं शेजारी बसणारी माणसं खोलीच्या दोन टोकांना बसायला लागली. चहाही आपापल्या कोपऱ्यात.

एका रविवारी पुण्याहून एक जाणकार आले. दोन्ही नाणी टेबलावर मांडली. त्यांनी वजन केलं, भिंगातून कडा तपासल्या. सर पुन्हापुन्हा चष्मा पुसत होते. सलीमभाई खिडकीबाहेर बघत होते.

"एक अस्सल आहे," जाणकार म्हणाले, "दुसरं नक्कल." आणि दाखवायला बोट उचललं.

तेवढ्यात सलीमभाईंनी दोन्ही नाणी मुठीत घेतली. "ठहरो साहेब, बोलू नका."

मूठ खुळखुळवली, सरांसमोर उघडली. "सर, एक उचला."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि एक उचललं.