फुवांची कपार

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या उन्हाळ्यात, सारंगखेड्याजवळच्या एका मळ्यात, मोटेच्या बैलांनी मला विहिरीतून वर ओढले आणि थारोळ्यात, म्हणजे मोट रिकामी होते त्या दगडी हौदात, ओतले. दुखापत किरकोळ होती. विहीर माझ्या फुवांची, बैल त्यांचे, आणि मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, माझ्या कमरेला बांधला होता तोही त्यांनीच.

फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पाण्याखाली जायला शिकवणारा इतका कडक गुरू तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि शिष्यांना पाण्यापासून इतके लांब ठेवणाराही झाला नाही. त्यांच्या विहिरीत पाण्याखाली एक कपार होती, खडकात आडवी गेलेली. तिच्यातून सरपटत गेले की आत पोकळी लागते, डोके पाण्याबाहेर निघते आणि माणूस आरामात बसून श्वास घेऊ शकतो, असे फुवांचे म्हणणे होते. लग्नाच्या वर्षी ते स्वतः तिथे जाऊन बसले होते आणि पुरावा म्हणून एक पितळी तांब्या ठेवून आले होते. पुढे त्यांचे पोट वाढले. एकदा ते कपारीच्या तोंडातच अडकले, तेव्हापासून जाणे बंद झाले. गावात कोणाचा विश्वास नव्हता. शेजारच्या मळ्याचे मालक बांधावरून रोज विचारायचे, ‘आप्पा, तठे चहा भेटस का?’ फुवांचे उत्तरही रोज तेच असे. ‘मी तठे बठेल शे. तठे हवा शे.’ आपल्या हयातीत एका तरी शिष्याने तो तांब्या बाहेर आणावा, एवढीच त्यांची इच्छा होती. अडचण अशी, की कोणताही शिष्य त्यांच्या पसंतीस उतरत नसे. एकजण विहिरीच्या पायरीवर शिंकला म्हणून त्याला घरी पाठवण्यात आले. दुसऱ्याने आदल्या दिवशी उडदाची डाळ खाल्ली होती. बुडबुड्यांनी गाळ उठतो आणि गाळ उठला की वाट दिसत नाही, हे फुवांनी त्याला त्याच्या वडिलांदेखत समजावून सांगितले.

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन रिकामा होतो. माझे शिक्षण बैलगाडीखाली सुरू झाले. गाडीला चहूबाजूंनी गोणपाटे बांधून फुवांनी कोरडी कपार तयार केली होती. डोळ्यांना फडके, गालात हवा आणि डावा हात चाकाला लावून तिच्यातून सरपटत जायचे. मध्ये कोणी बोलले तरी उत्तर द्यायचे नाही. एकदा मी अर्ध्या वाटेत असताना आत्याने वाकून विचारले, ‘पोऱ्या, भाकरी किती खाशी?’ मी गाल फुगवून गप्प. तिने दोनदा विचारले आणि रुसला असेल म्हणून माझ्या वाटणीच्या भाकरी गाईला घातल्या. मी तक्रार केली तेव्हा फुवा म्हणाले, ‘पानीमा तुले कोन भाकरी ईचारी?’

अखेर, पसंत पडलो म्हणून नव्हे तर सुट्टी संपत आली म्हणून, मला पाण्यात सोडायचे ठरले. दोर म्हणून मोटेचा नाडा कमरेला बांधला. बैल जुंपलेलेच होते. नाड्याला ओझे लागले की धावेच्या, म्हणजे मोट ओढायच्या वाटेच्या, उतारावर चालू लागायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. ती फुवांच्या लक्षात राहिली नाही. मी कपारीत शिरलो, नाडा दगडाला अडून ताणला गेला आणि बैल निघाले. पुढचे वर दिलेच आहे. फुवा धावत आले आणि त्यांनी प्रथम बैलांचे खांदे तपासले. ‘त्यासनी त्यासनं काम करं,’ ते मला म्हणाले. ‘तुन्हं काम कोन करी?’

बैल सोडून दिले. फुवांनी नाडा स्वतःच्या हातात धरला आणि खालच्या पायरीवर, पाण्याला लागून बसले. मी पुन्हा बुडी मारली. आत अंधार होता. डावा हात चाकाऐवजी खडकाला लावून सरकत राहिलो आणि छाती फुटेल असे वाटले तेव्हा डोके पाण्याबाहेर निघाले. हवा होती. तिला ओल्या मातीचा वास होता. बसायला कट्ट्यासारखा दगड होता, आणि दगडावर हाताला तांब्या लागला.

मी तो फुवांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग वर पाहून त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली, ‘ओ भाऊ, या! पहा!’ शेजारी निघाले. पण त्यांच्या आधी डोक्यावर भाकरीची पाटी घेतलेली आत्या काठावर दिसली.

त्या तांब्याबद्दल इथे सांगणे भाग आहे. तो आत्याला माहेरून मिळाला होता आणि लग्नाच्या वर्षीच नाहीसा झाला होता. तो नणंदेने नेला, असे आत्याचे पक्के मत होते. ‘तुमनी बहीणनीच नेयेल शे,’ हे ती दर दिवाळीला फुवांना ऐकवत असे आणि फुवा दर दिवाळीला खाली मान घालून फराळ करत असत.

फुवांनी तांब्या पटकन पाण्यात बुडवला आणि माझ्या हातात कोंबला.

‘परत ठेवी ये,’ ते पुटपुटले.

‘फुवा, एवढ्या वर्षांनी...’

‘जाय ना बापा! ती उतरी ऱ्हायनी!’

मी बुडी मारली. परत आलो तेव्हा शेजारी पायऱ्यांवर उभे होते. ‘काय भेटनं, आप्पा?’ त्यांनी विचारले.

‘गाळ,’ फुवा म्हणाले आणि भाकरी खायला बसले.

त्यानंतर त्यांनी कोणाला शिकवले नाही. चहाचा प्रश्न मात्र ते असेपर्यंत बांधावरून येत राहिला.

फुवा गेल्यानंतर एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि कपारीचे तोंड उघडे पडले. गाळ काढणारे कंदील घेऊन आत गेले आणि तांब्या घेऊन बाहेर आले. शेजाऱ्यांनी त्यावर कोरलेले आत्याचे नाव वाचले आणि तो तिच्याकडे दिला. तिला वाचता येत नव्हते, पण काठाजवळचा पोचा तिने ओळखला.

‘तठे बठाले जागा शे का रे?’ तिने मला विचारले.

‘आहे,’ मी म्हणालो. ‘हवाही आहे.’

तिने तांब्या चिंचेने घासला. त्या दिवाळीला नणंद आली, तेव्हा आत्याने तिला त्याच तांब्यातून पाणी दिले.