बोस्टन म्हणायचं होतं

ओडेल फॉन्टेनो लहान असताना घरातला फोन वाजला की न्हाणीघरात जाऊन कडी लावून घ्यायचा. लुइझियानातल्या त्या भातशेतीच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं की फॉन्टेनोंचा थोरला बोलताना अडकतो. दुकानात त्याच्या वतीने बहीणच बोलायची. शाळेत अमेरिकी फुटबॉल सुरू झाला आणि त्याचं बोलण्यावाचून भागायला लागलं. समोरच्या ज्याच्या हातात चेंडू असेल त्याला गाठायचं आणि आडवा करायचं. हे काम ओडेल असं करायचा की आसपासच्या गावांतून लोक गाड्या काढून बघायला यायचे. कॉलेजातही तेच. डाव ओरडून सांगायचं काम मागे उभा असलेला दुसराच कोणी करायचा, हा नुसता धावायचा.

वसंतात व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा उत्तरेकडच्या सरोवराकाठच्या एका संघाने त्याला दुसऱ्याच फेरीत उचललं. अंगणात गंबोच्या रश्शाचं पातेलं रटरटत होतं, आतेभाऊ नाचत होते. ओडेल हसत होता, पण त्याचं लक्ष नाचाकडे नव्हतं. फोनवर संघाचा माणूस म्हणाला होता, "तुला आम्ही मधे उभा करणार. हेल्मेटातला रेडिओ तुझा."

त्या संघाच्या बचावाची सगळी मदार मधल्या लाइनबॅकरवर, म्हणजे पुढच्या फळीमागे मधोमध उभ्या राहणाऱ्या गड्यावर होती. प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या एकट्याच्या कानात यायचा. डाव कोणता ते त्याने बाकीच्या दहा जणांना सांगायचं, आणि समोरच्यांनी ऐनवेळी जागा बदलल्या तर नवा शब्द ओरडून सगळ्यांना हलवायचं. सगळ्यात जास्त लागणारा शब्द होता 'बोस्टन'. तो ऐकला की अख्खी फळी डावीकडे सरकायची.

ओडेलचं नेमकं 'ब'शीच वाकडं होतं.

ऑगस्टात सराव शिबिर सुरू झालं. पहिल्याच सकाळी समोरच्यांनी जागा बदलल्या. ओडेलला ते इतरांच्या आधी दिसलं. त्याने 'ब' म्हणायला ओठ मिटले आणि ते मिटलेच राहिले. छातीत श्वास भरलेला, मानेच्या शिरा ताठ, आणि आवाज नाही. चेंडू हलला. धावणारा गडी डाव्या फटीतून आरामात निघून गेला.

"फॉन्टेनो, काय बघितलंस तू?" लाइनबॅकरांचे प्रशिक्षक रिगिन्स ओरडले.

"माहीत नाही, कोच."

हे दोन शब्द त्याला न अडखळता म्हणता येत. लहानपणापासून तो त्यांच्याच आडोशाला राहिला होता. शाळेत बाईंनी उभं केलं की उत्तर येत असूनही तो हेच म्हणायचा; मठ्ठ ठरणं परवडायचं, पण वर्गासमोर जीभ अडकणं नको. आता बैठकीतही तसंच होऊ लागलं. रिगिन्स पडद्यावर डाव दाखवून विचारायचे, ओडेलला अख्खं उत्तर दिसायचं, आणि तो मान खाली घालून म्हणायचा, माहीत नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "अंगाने बैल आहे, पण वरचा मजला रिकामा." वर्तमानपत्रात आलं की पोराला हा बचाव झेपत नाही.

गाडीत एकटा असला की तो बोस्टन, बोस्टन म्हणत बसायचा. एकदाही अडकायचा नाही. मैदानाचं फाटक दिसलं की जीभ टाळूला चिकटायची. सरावाआधी तो संडासात जाऊन ओकायचा आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचा. आईचा फोन आला की म्हणायचा, छान चाललंय.

मग एक दिवस त्याने पळवाट काढली. समोरचे हलले तेव्हा बोस्टनऐवजी तो ओरडला, "डावीकडे, डावीकडे." ते सहज निघालं. पण असा शब्द कुणी शिकलेलाच नव्हता. अर्धे सरकले, अर्धे जागेवर राहिले. मागून धावत आलेला प्रूएट नावाचा बचावातला गडी आपल्याच माणसावर आदळला आणि गुडघा धरून गवतावर लोळू लागला. त्याला गाडीवर घालून नेलं, तेव्हा ओडेल हेल्मेट न काढता उभा होता.

दुपारी बर्फाच्या पाण्याच्या टाकीत तो गळ्यापर्यंत बुडून बसला होता. शेजारच्या टाकीत टेरेल ऑगबर्न येऊन बसला. हा संघातला सगळ्यात जुना लाइनबॅकर. ओडेलला आणलं होतं ते याच्याच जागेवर.

"मी तुझ्या पायांकडे बघतोय," ऑगबर्न म्हणाला. "समोरचा हलायच्या आत तुझे पाय वळलेले असतात. मला इतक्या वर्षांनी जे दिसतं ते तुला आधी दिसतं. मग ते 'माहीत नाही'चं नाटक कशाला लावलंयस?"

ओडेलने बर्फाचा एक तुकडा पाण्याखाली दाबून धरला.

"माझी जागा घ्यायची लाज वाटते का? वाटू देऊ नकोस. मी तरी कुठे लाजलो होतो."

"मला बो..." ओडेल म्हणाला आणि थांबला. "बो... बो... बोलता येत नाही."

ऑगबर्नने टाकीच्या काठावर कोपरं टेकली. मग म्हणाला, "आज प्रूएट पडला. उद्या मी पडेन. माझ्या घरी तीन पोरी आहेत, बाबा. सकाळी तू रिगिन्सला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगणार."

"काढून टाकतील मला."

"टाकतीलही."

सकाळी ओडेल रिगिन्सच्या खोलीकडे गेला. परत फिरावं असं त्याला दारापर्यंत वाटत होतं. आत गेल्यावर पहिलं वाक्य निघायला इतका वेळ लागला की रिगिन्सनी चष्मा काढला. ते मधे बोलले नाहीत, की शब्द पुरवलाही नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मी तुला मंद समजत होतो. ती माझी चूक. पण शब्द मी बदलू शकत नाही. अख्ख्या संघाने ते पाठ केलेत, आणि वरचे साहेब एका नवख्यासाठी ऐकणार नाहीत. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

"खूण," ओडेल म्हणाला. "हात वर... आणि ब. नु... नुसता ब."

रिगिन्सनी ती खूण बाकीच्यांना शिकवली आणि शिबिराच्या शेवटी दुसऱ्या संघाशी झालेल्या सराव-सामन्यात त्याला मधे उभा केला. पंचाच्या शिटीआधी कानात प्रशिक्षकाचा आवाज आला. समोरचे हलले. त्याने हात वर केला आणि तोंड उघडलं. "ब... ब... ब..." हजारो माणसांसमोर तो अडकला. पण तेवढ्या आवाजावर फळी सरकली आणि धावणारा गडी ओडेलच्या खांद्यावर येऊन आदळला. पुढच्याच डावात चेंडू लवकर निघाला, हात अर्धाच वर गेला होता, आणि समोरच्यांनी त्यावर गुण घेतले. पलीकडचा एक धिप्पाड गडी त्याच्या तोंडाजवळ येऊन म्हणाला, "ब-ब-बाळ, आईला बोलाव."

ओडेलचा चेहरा आतून पेटला. ऑगबर्न मैदानाबाहेर पाण्याची बाटली धरून उभा होता. त्याने नुसती मान हलवली, खेळत राहा म्हणून.

संघाने त्याला ठेवलं, पण मधली जागा त्या वर्षी ऑगबर्नचीच राहिली. ओडेलला तिथे अधूनमधून, थोड्या वेळापुरतं उभं करत. एरवी तो कडेला खेळायचा. तिथे त्याचे हात तोकडे पडायचे आणि तो बऱ्याचदा जमिनीवर दिसायचा. प्रूएट हिवाळ्यात परतला. ओडेलने त्याची माफी मागितली, ती मागून पुरी होईपर्यंत प्रूएटने बुटांच्या नाड्या सोडून परत बांधल्या आणि म्हणाला, "झालं? चल, जेवायला जाऊ."

ओकणं काही थांबलं नाही. फक्त पुढे पुढे तो नळ सोडायचा विसरू लागला.